न लावलेलं दातवण

वाशीम,
ता. ८ नोव्हेंबर १९४१

प्रिय रंगराव,

मागच्या पत्रात माझ्याकडून एक चूक झाली, ती आधी दुरुस्त करते. दसऱ्यानंतर दोन दिवस अकोल्याला मावशीकडे जाऊन आले, असं मी लिहिलं होतं. दोन नव्हे, तीन दिवस. आणि अकोल्यात मला मावशी नाही. आमचा भाजीपाला घेणारे एक ओळखीचे गृहस्थ तिथे राहतात, त्यांच्या घरी बाबा आणि मी उतरलो होतो. एवढ्याशा गोष्टीसाठी नवं पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण तो वगळलेला तिसरा दिवसच मला तुम्हाला सांगायचा आहे.

तुमचं नाव असं सरळ लिहिलं म्हणून रागावू नका. लग्नानंतर ते मला घेता येणार नाही, आणि लग्न होईल की नाही हे या पत्रावर आहे. म्हणून आज एकदा लिहून घेतलं. अक्षर चांगलं आलं आहे ना?

आमच्या घरात शिकलेली मी पहिली. सातवी पास झाले तेव्हा बाबांनी भाजीच्या वाडीवरच्या सगळ्या माणसांना गूळ वाटला होता. त्या दिवसापासून घरात एक विचित्र गोष्ट झाली आहे. कागदावर आलेलं ते खरं, असं सगळे समजतात. माय म्हणते, "अंजीनं लिवलं ना? मंग झालं त." त्यामुळे तोंडानं खोटं बोलण्यापेक्षा लिहून खोटं बोलणं मला जास्त लागतं. तुम्हाला मी लिहून खोटं सांगितलं आहे.

जूनमध्ये तुम्ही सगळे आमच्या वाडीवर मला पाहायला आलात, तेव्हा तुम्ही बाहेर पुरुषांत बसला होता. आत बायकांचा मोठा हशा झाला, तो तुम्हाला ऐकू आला असेल. आत काय झालं ते तुम्हाला कुणी सांगितलं का, मला ठाऊक नाही. तुमच्या आत्याबाईंनी, धनीबाईंनी, कमरेच्या पिशवीतून मोटारीचं तिकीट काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "वाच पाहू." मी वाचलं. तशा त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "आता पाह्य वं बाई! मास्तर शाळेत, मास्तरीण घरात, दोघं बी वाचून राह्यले. म्या भाकरीचं पीठ कोणाले मांगू, तिकिटाले?" मला हसू आवरलं नाही. चारचौघींत मी हसत नाही, पण त्या दिवशी तोंड उघडून हसले. आत्याबाई पुढे वाकल्या, माझ्या तोंडात पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "इनं दातवण काहून लावलं वं? लगन झालं व्हतं का इचं आंधी?"

बायकांच्या डबीतलं तुम्हाला कितपत ठाऊक असेल म्हणून लिहिते. दातवण ही दात काळे करायची पूड. आमच्याकडे लग्न झालेली बाई ती लावते. कुमारिकेनं लावायची नाही, आणि नवरा गेल्यावर बाई ती सोडते. माझे समोरचे दात तपकिरी आहेत, मध्ये खडूसारखे पांढरे पट्टे आहेत. जरा अंधारात कुणालाही वाटावं की दातवण अर्धवट निघालं आहे. मी काही बोलायच्या आत माय म्हणाली, "नाही वं बाई, कायचं लगन! माह्या डबीतलं चोरून लावलं पोरीनं. हौस! निंघून जाईन." मग तो हशा झाला. आत्याबाईंनी माझ्या पाठीत एक धपाटा घातला, "चोट्टी कुठली!" म्हणाल्या, आणि पंधरा दिवसांत साक्षगंध झालं.

तुम्ही पहिल्या पत्रात लिहिलं होतं, "आत्या सांगत होती, तुम्ही हौसेनं दातवण लावलं होतं. मला स्वतःला ते आवडत नाही, पण तुम्हाला आवडत असेल तर राहू द्या." ते वाक्य मी किती वेळा वाचलं! असं कुणी मला कधी विचारलं नव्हतं. आणि त्याला मी उत्तर लिहिलं, "दातवण हळूहळू निघत आहे." रंगराव, मी दातवण कधीच लावलं नाही. मला समजायला लागल्यापासून माझे दात असेच आहेत.

आता ते तीन दिवस. अकोल्यात दातांचे एक डॉक्टर आहेत, मोहनसिंग म्हणून. चिनी मातीची, नखासारखी पातळ टोपी करून ते खराब दातावर चिकटवून देतात, असं बाबांनी ऐकलं होतं. मी खुर्चीत बसले. डॉक्टरांनी आरसा घालून पाहिलं आणि म्हणाले, "दातवन है? निकल जाएगा." मी होकारार्थी मान हलवली. काहून हलवली ते आजही मला सांगता येत नाही. पहिल्या दिवशी त्यांनी भुकटीनं दात घासले. दुसऱ्या दिवशी फिरत्या ब्रशानं. बाबा बाहेर बसले होते, त्यांना वाटलं हाच उपचार. आणि मी डोळे मिटून पडले होते. तुम्हाला खरं वाटणार नाही, पण त्या घरघरीत मला झोपेसारखं काही लागलं. मला वाटू लागलं की मी खरंच मायची डबी चोरली होती. कोनाड्यातून ती काढताना माझा हात मला दिसला. बोटाला लागलेलं काळं दिसलं. घासून घासून ते काळं पाण्यात उतरत होतं, कोथिंबिरीच्या वाफ्यात शिरत होतं, आणि वाफ्यातून पांढरीशुभ्र फुलं वर येत होती. दोन दिवस मी अशी आपल्याच खोट्यावर तरंगत होते. सुख वाटत होतं, हे कबूल करते.

तिसऱ्या दिवशी हिरड्यांतून रक्त आलं. डॉक्टर घाबरले. ते पुन्हा पुन्हा विचारू लागले, कसलं दातवण, कोणाचं, किती वर्षांचं? तेव्हा मी म्हणाले, "दातवण नाहीच." एवढे दोन शब्द. डॉक्टरांनी हातातलं हत्यार खाली ठेवलं. मग त्यांनी बाबांना आत बोलावलं आणि विचारलं, पाणी कुठलं पिता? आमच्या वाडीतल्या जुन्या विहिरीचं. त्यांनी समजावून सांगितलं की काही पाण्यात असा क्षार असतो, मूल लहान असताना, दात हिरडीत घडत असतानाच तो आत बसतो. डाग वरून लागलेला नसतो, दाताबरोबरच जन्मतो, म्हणून तो घासून जात नाही. तुमच्या घरासाठी मी मुद्दाम लिहिते, की हा रोग नाही आणि रक्तातून पुढे जात नाही. जे मूल दुसरं पाणी पिईल त्याचे दात चांगले येतील, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. मीही दोनदा विचारलं होतं.

घरी आले तेव्हा माय चुलीपुढे होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माह्या पांढऱ्या दातावर म्या काळं लावलं, अन् तू तुह्या काळ्यावर पांढरं लावून राह्यली. देवानं आपली अदलाबदल त केली नाही?" मी म्हणाले, तुझे दात पांढरे आहेत हे कुणाला ठाऊक? ती वाशीमची नाही, तिचं माहेर इंझोरीचं, म्हणजे ती लहानपणी दुसरंच पाणी प्यायलेली. मायनं उठून मीठ घेतलं आणि पाठमोरी होऊन एक बाजूचा दात घासू लागली. बाबा हयात असताना दातवण पुसणं तिच्या दृष्टीनं किती वाईट, ते मी जाणते. ती वळली, ओठ बाजूला ओढला, आणि मी तो दात पाहिला. शाळूच्या दाण्यासारखा होता. जन्मभर जिच्या हातचं जेवले, तिचा दात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. लगेच तिनं डबी उघडून त्याच्यावर पुन्हा दातवण लावलं आणि म्हणाली, "पाह्यलं ना? आता कोणाले सांगू नोको." मी तुम्हाला सांगितलं. तेवढं मात्र तुमच्याजवळच ठेवा.

डॉक्टरांनी रंग निवडायला सांगितला आहे. त्यांच्याकडे पितळेच्या पट्टीवर छोटे छोटे दात ओळीनं लावलेले आहेत, कवडीपासून हळदीच्या पाण्यापर्यंत. मी मायच्या दाताचा रंग निवडणार. दात मात्र आधी चारी बाजूंनी घासून बारीक करावे लागतात, आणि घासलेला दात परत वाढत नाही. शिवाय त्या दातांनी पुन्हा काही तोडायचं नाही. आम्ही मेथीच्या जुड्या बांधतो तेव्हा बांधायला केळीच्या खोडाच्या वाळक्या सोपाचं टोक समोरच्या दातांत धरून चर्रकन फाडतो. हात दोन्ही गुंतलेले असतात ना. मी या कामात घरात सगळ्यांत चलाख. काल दहिवरात बसून जुड्या बांधताना मी प्रत्येक सोप जरा हळू फाडला. ज्या दातांची मला एवढी लाज, त्यांचाच मला लळा लागावा, हे काय आहे? डोळा लागला की दिसतं, मी कुठल्याशा मोठ्या अंगणात उभी आहे, माझ्या तोंडात चांदणं भरलं आहे आणि ते सांडेल म्हणून मी बोलत नाही. जागी होते तेव्हा जीभ आपोआप दातांवरून फिरते. आहेत, अजून माझेच आहेत.

बाबांनी माझी समजूत घातली. म्हणाले, "आता काहून सांगतं? डिसेंबरात दात बसतीन, माघात लगन. दातवण निंघालं म्हणू. खोटं बी नाही राह्यत मंग." हेच तर मला खाऊन राहिलं आहे. त्यांचं म्हणणं खरं आहे. दात बसले की आमचं खोटं खरं होऊन जाईल. कुणी पकडू शकणार नाही, तुम्हीसुद्धा. माझं हसू चांगलं आहे, असं तुम्ही म्हणाल, आणि दर वेळी मला आतून कळेल की हा माणूस फसलेला आहे. त्यात माझी धाकटी बहीण रामी आहे, नऊ वर्षांची, तिचेही दात माझ्यासारखेच आले आहेत. ती विचारते, "बाई, म्या बी दातवण लावलं व्हतं असंच सांगाचं का?" तिला काय उत्तर देऊ? नऊ वर्षांची पोर आतापासून ते पाठ करून राहिली आहे. तिचे उरलेले दात तरी वाचावेत म्हणून आता तिचं पिण्याचं पाणी मी गावातल्या विहिरीवरून आणते.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. मी तुमची क्षमा मागायला लिहिलेलं नाही. दात करून घेऊ का, हेही विचारत नाही. ते मी करून घेणारच, तुम्ही मला घरात घ्या किंवा नका घेऊ. हे दात मला लग्नासाठी हवे होते असं मला चार महिने वाटत होतं. त्या खुर्चीत "दातवण नाहीच" म्हटल्यावर कळलं की ते मला माझ्यासाठी हवे आहेत. पण तुम्हाला आणि आत्याबाईंना फसवून मला ते नको आहेत. त्यांनी मला चोट्टी म्हटलं तेव्हा किती प्रेमानं म्हटलं होतं! त्यांना हे तुमच्या तोंडून कळू नये, आणि पत्रातूनही नाही, कारण त्यांना वाचता येत नाही आणि दुसऱ्या कुणी वाचून दाखवलं तर ते त्या माणसाचं होईल. म्हणून शनिवारी, २२ तारखेला, सकाळच्या मोटारीनं बाबा आणि मी मंगरूळपीरला तुमच्या घरी येऊ. बाबा अजून नाराज आहेत, पण येतो म्हणाले. मी आत्याबाईंपुढे बसेन, दारातल्या उजेडात, त्यांना माझे दात दाखवीन आणि सांगेन की ही चोरी मी केलीच नव्हती. तुम्ही त्या वेळी घरात असावं असं मला वाटतं. तुम्ही माझे दात अजून पाहिलेले नाहीत. नंतर ते पाहायला राहणार नाहीत. येऊ नका असं म्हणायचं असेल तर दोन आठवडे आहेत, एक ओळ पुरे, मी समजेन. सोयरीक मोडायची असेल तर तीही त्याच दिवशी आत्याबाईंच्या समोर मोडा, म्हणजे माझ्या मायवर ठपका येणार नाही. ती जे बोलली ते लेकीसाठी बोलली. तुमचं उत्तर काहीही असो, डॉक्टरांना मी दिवस कळवून टाकला आहे. माझे दात घासायला सुरुवात होईल सोमवारी, ता. २४ नोव्हेंबरला.

आज तरी तुमचीच,
अंजना