मूक विनंती

८ जानेवारी, बुधवार
मूक विनंती म्हणे! चर्चमध्ये बुधवारच्या प्रार्थनेत ज्याला कारण सांगायचं नसतं तो हात वर करून तेवढंच म्हणतो, आणि बाकीच्यांनी काही न विचारता त्याच्यासाठी मागायचं. आज हात कोणाचा? आमच्या दीपमालाचा. माझी सून, माझ्याच शेजारी सतरंजीवर – आणि सासूला पत्ता नाही!

वर प्रार्थना चालवणारी लिलाबाई सगळ्यांदेखत म्हणाली, "हे अक्कांकडे सोपवू. विधवेचा धावा देव टाळत नाही." हे गेल्यापासून मंडळीने माझी गिरणीच करून ठेवली आहे. कोणाची बदली अडली, कोणाचं पोर नापास झालं – टाका अक्कांकडे दळण!

घरी येताना विचारलं. "आई, तुम्ही फक्त प्रार्थना करा ना." बरं!

९ जानेवारी
गुडघे टेकले. काय मागायचं तेच माहीत नाही. "प्रभू, तिच्या मनातलं तुला ठाऊक." मग मलाच का नाही?

१३ जानेवारी
सुयशने सुट्टी काढली. दोघं जळगावला जाऊन आले. "बँकेचं काम होतं, आई." बोलताना माझ्याकडे बघेना. मुलाला जन्म मी दिलाय, खोटं मला कळतं.

मुद्दाम भरीत केलं होतं, बामणोदची वांगी आणून. हिने ताटात तसंच ठेवलं. आता माझ्या हातचंही नको झालं वाटतं. कुठेतरी पाणी मुरतंय.

१६ जानेवारी
दीपमाला फोनवर, दार लोटून – "आईंना इतक्यात कळता कामा नये."

संध्याकाळी सुयश गोड आवाजात, "आई, धुळ्याला मामाकडे राहून येतेस का थोडे दिवस? तुलाही बदल."

कळायचं ते कळलं. पुण्याला बदली मागतायत. घर विकायचं आणि मला भावाच्या, गिरधरच्या दारात नेऊन सोडायचं! शेजारच्या धुरपदाबाईंचा मुलगाही 'थोडे दिवस' म्हणूनच त्यांना बोदवडला पुतण्याकडे ठेवून गेला. अजून तिथेच आहेत.

१७ जानेवारी
म्हणजे मला घराबाहेर काढण्यासाठी प्रार्थना कोणी करायची? मीच! शाबास!

आज उलटं मागितलं. मोठ्याने, दार लावून – "प्रभू, ती जे मागतेय ते देऊ नकोस." छान झोप लागली.

२२ जानेवारी, बुधवार
पुन्हा हात वर. लिलाबाई म्हणते, "अक्का, जोर लावा!"

लावला की. मनातल्या मनात, माझ्या बाजूने. वर आज उपासही धरला – देवाला कळू दे, मी थट्टा करत नाही. दुपारी दीपमालाने विचारलं, "जेवला नाहीत? माझ्यासाठी उपास?" मी नुसतं हं म्हटलं. तर रडायलाच लागली. माझे पाय दाबायला बसली. नाटकी कुठली!

२५ जानेवारी
सकाळी दोघं परत जळगावला. तीन वाजता आले. दीपमाला चपला न काढताच माझ्या खोलीत. "आई, बाळाचे ठोके लागले!"

मला वाटलं, हिला काय झालं?

मग सुयशने सांगितलं. मागच्या सोनोग्राफीत ठोके दिसले नव्हते. डॉक्टर म्हणाल्या, वाट बघा, पण फार आशा धरू नका. याआधी दोनदा मला सांगितलं आणि दोन्ही वेळा गेलं. मी महिनाभर अंथरूण धरलं होतं. "तुला परत तसं बघवलं नसतं आई. म्हणून धुळ्याला जा म्हटलं."

खाटेवर बसले. दीपमालाने मांडीत डोकं ठेवलं. "तुमच्या प्रार्थनेमुळे, आई." तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. देवा, मी काय मागत होते!

२९ जानेवारी, बुधवार
दीपमाला म्हणाली, विनंती ऐकली गेली. काय होती ते सांगितलं नाही. लिलाबाईने मलाच साक्ष द्यायला उभं केलं – "बघा, अक्कांचा धावा!" सगळ्या बायका हालेलुया, हालेलुया. मी एवढंच म्हटलं, "देव चांगला आहे."

चांगलाच आहे. त्याने माझं ऐकलं नाही!