हातावरचा देव आणि बाहेरचा देव

आप्पा, तुमची नात बाळंतपणाला नांदेडला माझ्याकडे आलीय आणि पोटातल्या जिवाच्या देवावरून घरात जुंपलीय. आठवा महिना लागलाय. दादा म्हणतो, आपल्या लिंगायतांच्या रीतीनं उदगीरहून स्वामींना घेऊन येतो, बाळाच्या नावानं लिंग बांधायला. तुमचे जावई म्हणतात, बाळाचा बाप्तिस्मा होणार. लेक माझ्याकडे बघते, "आई, तू सांग." दादाला हो म्हटलं तर नवरा दुखावतो, नाही म्हटलं तर माहेरचं दार बंद. माझा जीव नुसता कोंडलाय.

हेच भांडण तुम्ही अन् हे किती मजेत भांडायचात! रविवारी आडत दुकान बंद ठेवून तुम्ही यायचात, हे चर्चमधून आलेले असायचे, आणि मी आत पोहे परततेय तोवर सुरू. "पाव्हणं, तुमच्या देवानं जग केलं अन् सोता भाईर ऱ्हायला व्हय? आमचा बघा, इथं हाय," म्हणून तळहात पुढे करता. हे म्हणतात, "मामा, हातावर मावणारा देव मी पडलो तर मला उचलणार कसा? उचलायला बाहेरचाच लागतो." तुम्ही मान डोलावता. मग, "हाव, ते खरं. पर पडताना संगट कोन ऱ्हातं?" "सोबत राहायलाच तर तो माणूस झाला, मामा." "येकदाच? अन् रोज पडनाऱ्यानं काय करावं?" आणि दोघंही खदाखदा हसता. तुला काय वाटतं, हे मला कुणीच विचारलं नाही. पोलक्याआड लिंग घालून मी इतकी वर्षं चर्चच्या बाकावर बसतेय; दोन्ही घरांना वाटतं, बाई आपलीच. आज मला त्याचा राग येतो, आप्पा. तुमचाही येतो.

परवा लेकीला एकाएकी रक्त जायला लागलं. दवाखान्यात तिला आत नेलं आणि बाहेर मी एकटी. तुम्ही शिकवलं तसं लिंग डाव्या तळहातावर घेतलं, डोळे मिटले, आणि तोंडातून आली ती चर्चमधली प्रार्थना, अख्खी. मध्येच थबकले, की मी मागतेय कुणाकडे, आतल्याकडे की बाहेरच्याकडे? तरी पूर्ण केली. डॉक्टरीण बाहेर येऊन म्हणाली, दोन्ही जीव ठीक आहेत. ही गोष्ट घरात सांगितली तर दादा विचारील, हातात कोण होता? हे विचारतील, तोंडात कोण होता? म्हणून बोलले नाही.

पत्रावर पत्ता दुकानाचाच घातला असता, पण तुम्ही गेल्यापासून तुमच्या गादीवर दादा बसतो, तो फोडून वाचेल. तेव्हा हे पत्र माझ्यापाशीच राहू दे. एक मात्र तुम्हालाच सांगते. त्या प्रार्थनेत देवाला बाप म्हणून हाक मारायची असते. मी मारली, तेव्हा डोळ्यांपुढे तुम्ही आलात, धोतराला हात पुसत.