ट्रॉलीवरचा मॅरेथॉनवीर

२ ऑक्टोबर २०२५, गुरुवार. दसरा.
नव्या रनिंग शूजची पूजा करायची होती. विनयाने पाटावर बूट ठेवू दिले नाहीत. देवासमोर पायताण चालणार नाही म्हणाली. मी मुद्दा मांडला की तीस वर्षं रेल्वेत आपण पाना-हातोड्याची पूजा करतोच, आणि बूट हे धावपटूचं हत्यार आहे. मुद्दा बिनतोड होता. बूट शेवटी बाल्कनीत, वॉशिंग मशीनशेजारी. झेंडूची दोन फुलं वाहिली.

निर्णय झालेला आहे. ८ फेब्रुवारीला लखनऊत मॅरेथॉन आहे. वेदिका १५ फेब्रुवारीला नोकरीसाठी हैदराबादला जाते. परवा जेवताना ती म्हणाली, पप्पा, जाने से पहले एक चीज़ साथ में करते हैं. (मुलीला मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत देते. बावीस वर्षं हेच.) ती हाफचा फॉर्म भरत होती. मी म्हटलं, हाफ म्हणजे अर्धवट, मिरजेच्या माणसाला अर्धवट काही जमत नाही. दोघांचेही फुल भरले. बेचाळीस किलोमीटर. विनया म्हणाली, उचलली जीभ लावली टाळ्याला. तिला खेळातलं कळत नाही.

वय चोपन्न. वजन ब्याऐंशी. उद्या पहाटे पाचपासून सुरुवात.

३ ऑक्टोबर.
सहा चाळीसला जाग आली. तरी गेलो. इंदिरा नगरच्या आमच्या गल्लीतून पार्कच्या गेटपर्यंत. एक कुत्रं मागे लागलं, त्यामुळे पेस अनैसर्गिक वाढला. एकूण एक किलोमीटर शंभर मीटर, पैकी परतीचं चालत. बूट थोडे जड आहेत.

१२ ऑक्टोबर, रविवार.
धावणं नऊ दिवस बंद, कारण प्लॅनिंग. आलेख कागदावर सतरा आठवड्यांचं शेड्यूल काढलं, चार रंगांत. ऑफिसातली ब्रिजची ड्रॉइंग इतकी सुबक नसतात. वेदिका आज रिव्हरफ्रंटला सहा किलोमीटर धावून आली. शेड्यूल न करता. इजा होईल तिला.

२१ ऑक्टोबर. दिवाळी.
कार्बोहायड्रेट लोडिंग. चकल्या अकरा, करंज्या सहा, चिवडा मोजता येत नाही. धावपटूंना हे करावंच लागतं असं वाचलं. विनयाचं म्हणणं, ते शर्यतीच्या आदल्या दिवशी करतात, साडेतीन महिने आधी नाही. मी म्हटलं, माझा बेस कच्चा आहे.

४ नोव्हेंबर.
हवा वाईट. फुफ्फुसं जपली पाहिजेत. घरात राहून धावण्याचे व्हिडिओ पाहिले, दीड तास. वेदिका मास्क लावून दहा किलोमीटर जाऊन आली. विनया म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. हवेचा आकडा दाखवला तर बघायलाही तयार नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार.
आज एक चमत्कारिक गोष्ट घडली.

मंगळवारी माझं ट्रॅक इन्स्पेक्शन असतं. पुश ट्रॉलीवर. रुळांवर चार चाकं, वर लाकडी बाकडं, बाकावर मी. मागे ट्रॉलीमन ढकलत धावतात, वेग आला की उडी मारून मागे बसतात, वेग उतरला की परत धावतात. सकाळी गल्लीत दोनशे मीटर धावून दम लागला होता, त्यामुळे फोनमधलं रनिंग ॲप बंद करायचं राहून गेलं. दुपारी बघतो तर अठरा किलोमीटर चारशे मीटर. पेस किलोमीटरला पाच मिनिटं चाळीस सेकंद. खाली लिहिलेलं: अभिनंदन, तुमची आजवरची सर्वोत्तम धाव.

डिलीट करायला गेलो. बटण सापडलं नाही.

१२ नोव्हेंबर.
ॲपला वेदिका जोडलेली आहे हे लक्षात नव्हतं. सकाळी चहाच्या वेळी आली आणि गळ्यातच पडली. पप्पा, अठारह? बताया भी नहीं? गळ्यात पडायला ती बहुतेक दहावीनंतर पहिल्यांदाच आली. मी म्हटलं, सांगायचं काय त्यात, साइटवर वेळ मिळाला तसं केलं.

हे खोटं नाही. वेळ मिळाला होता.

२५ नोव्हेंबर, मंगळवार.
वीस किलोमीटर. ॲप मुद्दाम सुरू ठेवलं नाही, फक्त बंद केलं नाही.

शांतपणे विचार केला. ट्रॉलीवर वारा तोंडावर येतो, कंबरेला धक्के बसतात, पाठ ताठ ठेवावी लागते, दोन-दोन तास सावली नाही. म्हणजे शरीराला सवय होतेच आहे. मॅरेथॉन ऐंशी टक्के मनाची असते असं वाचलं. ती ऐंशी टक्के मी करतो. उरलेली वीस रामसुमेर बघतो.

रामसुमेर माझा जुना ट्रॉलीमन, बाराबंकीकडचा, माझ्याहून एका वर्षाने मोठा. आज त्याने विचारलं, साहब, दौड़ हम रहे हैं, हाँफ आप काहे रहे हैं? त्याला मनाच्या तयारीबद्दल समजावलं. जी साहब म्हणाला आणि ढकलायला लागला.

१४ डिसेंबर, रविवार.
वेदिका उठवायला आली, साडेपाचला. लाँग रन सोबत करू म्हणाली. मी सांगितलं, मी मंगळवारचा रनर आहे, रविवारी शरीर रिकव्हरीत असतं. ती थोडा वेळ दारात उभी राहिली. मग एकटीच गेली. चोवीस करून आली. येताना चौकातून माझ्यासाठी मक्खन मलाई, इथली थंडीतली दुधाच्या फेसाची मिठाई, आणली, कारण पप्पांना रिकव्हरीला लागेल. दोन कुल्हड खाल्ले. थोडं वाईट वाटलं. तिसरा विनयाने काढून घेतला.

२८ डिसेंबर.
माझे आकडे मराठी मंडळाच्या ग्रुपवर कोणीतरी टाकले. (मी.) अध्यक्ष सदाशिवराव विकास नगरहून स्कूटरवर स्वतः घरी आले. केंद्र सरकारात हिशेब तपासण्यात जन्म गेला त्यांचा, पण मन मोठं. म्हणाले, लखनऊच्या मराठी माणसांत आजवर एकही मॅरेथॉनवीर नाही, मंडळ जाहीर सत्कार करणार. शाल, श्रीफळ, मानपत्र. हॉल शर्यतीच्याच दिवशी सकाळी नऊ ते बारा मिळालाय, त्यानंतर कुणाचा तरी साखरपुडा आहे. वेदिकाही धावतेय हे मी सांगितलं. हो हो, तिलाही एक गुलाबाचं फूल देऊ म्हणाले.

नको म्हणायचं होतं. पण ते मानपत्राचा मसुदा घेऊनच आले होते आणि त्यात 'वायुवेगी' हा शब्द होता.

१४ जानेवारी २०२६. संक्रांत.
दाट धुकं. धुक्यात ट्रॉली काढायची नाही असा आदेश. माझ्या ट्रेनिंगचं प्रचंड नुकसान. तिळगूळ आठ.

वेदिकाचे बत्तीस झाले. पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडलंय. ते तिने मला मेडल दाखवल्यासारखं दाखवलं आणि विचारलं, पप्पा, आपका कितना काला हुआ? मी मोजे काढले नाहीत. थंडी फार होती.

१ फेब्रुवारी.
टेपरिंग. म्हणजे शर्यतीआधी धावणं कमी करत न्यायचं. मला सहज जमतंय.

७ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी.
छातीवर लावायचे नंबर आणले. वेदिकाने माझा शर्टवर पिनांनी स्वतः लावून दिला, वाकडा झाला म्हणून दोनदा काढून. मग एक ठरवून घेतलं. शेवटच्या वळणावर पेट्रोल पंप आहे, तिथून फिनिश दोनशे मीटर. जो आधी पोचेल त्याने तिथे थांबायचं. रेषा दोघांनी एकत्र ओलांडायची. प्रॉमिस करा म्हणाली. केलं.

त्या वेळी एकदा मनात आलं की सांगून टाकावं. पण ती पिना तोंडात धरून इतकी खूश दिसत होती. आणि माणूस वेळ आली की करतो. हनुमानाला तरी कुठे माहीत होतं समुद्र ओलांडता येईल म्हणून.

८ फेब्रुवारी, रविवार. पहाटे ३.४५.
पोट साफ. मन शांत. बूट अजून नवे दिसतात, जपून वापरल्यामुळे.

त्याच दिवशी, दुपारी २.
क्रमाने लिहितो.

सहाला सुटलो. पहिला किलोमीटर उत्तम. लोकांना ओव्हरटेक केलं, त्यात दोन शाळकरी मुलं आणि एक आजोबा होते. दुसऱ्याला छातीत भाता. तिसऱ्याला डावा गुडघा, मग उजवा, मग दोघं मिळून. वेदिका शेजारून इतकी हळू पळत होती की ते पळणं आहे की चालणं, कळेना. तिचा रन खराब होऊ नये म्हणून मी सांगितलं, तू हो पुढे, सुरुवातीला मागे राहणं ही माझी स्ट्रॅटेजी आहे. पक्का? पक्का. पंपावर भेटू म्हणाली आणि गेली. वळून दोनदा हात केला.

ती दिसेनाशी झाल्यावर फुटपाथवर बसलो. एक ई-रिक्शावाला थांबला. भैयाने न विचारताच पाणी दिलं. म्हणाला, बैठ जाइए, अंकल, शकल ठीक नहीं लग रही. पळवाटेने त्याने मला थेट पेट्रोल पंपापर्यंत सोडलं. विचार साधा होता: वचन पंपावर थांबायचं होतं, तिथे थांबायचं. ती आली की शेवटचे दोनशे मीटर तिच्यासोबत पळायचे. दोनशे मला जमतात.

पावणेआठला पोचलो. साडेआठला सदाशिवरावांनी पाहिलं. सोबत मंडळाचे दहा-बारा जण, झेंडा आणि ताशा. अडीच तासांत पूर्ण, अपेक्षेप्रमाणेच, असं म्हणून त्यांनी मिठी मारली. मंडळात कोणालाही बेचाळीस किलोमीटरला किती वेळ लागतो ते माहीत नाही. मी स्पष्ट सांगितलं की अजून पूर्ण झालेलं नाही. त्यांनी तो माझा विनय समजला. मी म्हटलं, वेदिकासाठी थांबायचंय. ते म्हणाले, पोरगी येईल सावकाश, पाहुणे ग्रुप कॅप्टन इंद्रजित हॉलवर येऊन बसलेत, एकची गाडी आहे त्यांची चारबागहून. ताशा सुरू झाला. विनया फिनिशच्या पलीकडे उभी होती. तिने फक्त विचारलं, थांबणार नाही? मी म्हटलं, अर्ध्या तासात आलोच.

सत्कार तीन तास चालला. सदाशिवराव चाळीस मिनिटं बोलले. पाहुणे मिरजेचे निघाले, त्यामुळे तेही. मंडळाच्या सुधीररावांनी स्वतःची कविता म्हटली, माझ्यावर, अठरा कडवी. मानपत्र वाचलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. वायुवेगीला टाळ्या पडल्या. मधे दोनदा घड्याळ पाहिलं, पण हार गळ्यात असताना उठता येत नाही.

सव्वाबाराला पोचलो तर फिनिशची कमान उतरवत होते. घरी आलो. वेदिका झोपली होती. टेबलावर तिचं मेडल आणि सर्टिफिकेट. पाच तास सत्तेचाळीस मिनिटं. सुंदर. फक्त एक चूक दिसली. ॲपवर तिच्या मनगटी घड्याळाची नोंद बघितली: पंपापर्यंत पाच तास पंचवीस, आणि शेवटच्या दोनशे मीटरला बावीस मिनिटं. शेवटी कोसळली असणार. पेसिंग शिकवायला हवं.

संध्याकाळी ६.
पेसिंगचं विनयाला बोललो. ती डाळ निवडत होती. मान वर न करता तिने सांगितलं.

कोसळली नव्हती. पंपावर उभी होती. तिचा फोन विनयाकडे. तिला वाटलं मी मागे आहे. येणाऱ्या प्रत्येक माणसाकडे टाचा उंचावून बघत होती. विनयाला बॅरिकेडच्या आत सोडत नव्हते, ती पलीकडून हाका मारत होती, डीजेत ऐकू जात नव्हत्या. अठरा मिनिटांनी आयोजकांची माणसं येऊन सांगायला लागली की आता रस्ता मोकळा करतोय, तेव्हा ती निघाली. चालत. रेषेजवळ येऊनही मागे वळून बघितलं म्हणे.

मला सरळ रागवली असती तर बरं झालं असतं. विनया डाळच निवडत राहिली.

९ फेब्रुवारी, सोमवार.
रजा टाकली. वेदिकाला सगळं सांगितलं. ट्रॉली, रामसुमेर, ई-रिक्शा, शाल. तेही न विचारता, पहिल्यांदाच. लाज वाटली. फार वाटली.

ती रडेल असं वाटलं होतं. रडली नाही. मग म्हणाली, पप्पा, पाँच किलोमीटर वॉक का भी फॉर्म था. चल लेते. मुझे दौड़ना थोड़ी था. मग आणखी म्हणाली की चोवीस किलोमीटरच्या दिवशी ती दारात उभी होती ते मी उठावं म्हणून, धावावं म्हणून नाही.

मी म्हटलं, उद्या पहाटे जाऊ, चालायला, दोघंच. हैदराबादला जायला अजून सहा दिवस आहेत. ती हो म्हणाली. पण तिला पलंगावरून बाथरूमपर्यंतही भिंत धरून जावं लागतंय, जिना तर शक्यच नाही, त्यामुळे उद्याचं परवावर गेलं, आणि परवाचंही नक्की नाही.

घमेल्यात गरम पाणी, मीठ घालून तिचे पाय शेकले. पाणी तीनदा बदललं. दोन्ही अंगठ्यांची नखं जाणार आहेत.

माझे पाय अजिबात दुखत नाहीत.