पाचवी खुर्ची

अगेट हार्बर,
९ ऑगस्ट १९९८

चि. रेइनोस,
आयलीताईचे अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र आणि रानातल्या बेरींच्या मुरंब्याच्या दोन बरण्या पोचल्या. एक मी फस्त केली. दुसरी पास्कोसाहेबांना दिली, कारण त्यांनी माझ्या गळ्यात एक काम अडकवलं आहे आणि मला वाटलं, मुरंबा खाऊन तरी लाज वाटेल. वाटली नाही.

काम असं. आपल्या जिल्हा मंडळाने माजी सैनिकांसाठी सल्लागार समिती नेमायचा ठराव केला. पास्को मंडळाचे अध्यक्ष. शाळेच्या कचेरीतून मी निवृत्त झाले म्हणजे आता माशाच मारत असणार असं त्यांनी धरलं, आणि अर्ज मागवण्याची, सभा बोलावण्याची सगळी चिटणिशी माझ्यावर टाकली. समितीत पाच खुर्च्या. पाचही जण जिल्ह्यातले आणि सैन्यात नोकरी केलेले हवेत. हातात ना पैसा ना अधिकार. महिन्यातून एकदा बसायचं, लोकांच्या अडचणी ऐकायच्या आणि मंडळाला सल्ला द्यायचा.

तू हसशील. पण गेल्या हिवाळ्यात आपल्या कोरियावाल्या ओन्नीचं काय झालं आठव. सैनिकी रुग्णालय दोन तासांवर, याला डोळ्यांनी दिसेना, गाडी मागायची कोणाकडे ते ठाऊक नाही, आणि शेजाऱ्याला सांगायचं तर त्याला त्रास! न्यूमोनिया झाला तरी घरात पडून राहिला. असे आणखी किती असतील कोण जाणे. त्यांना ठोठावायला एक दार तरी असावं असं मला मनापासून वाटतं.

एकच अट टोचते आहे. नोव्हेंबरच्या बैठकीत पाचही खुर्च्या भरल्या नाहीत तर ठराव आपोआप रद्द. हे कलम कोणी घातलं ते लिहीत नाही, पण मुरंबा वाया गेला.

घरात फोन बसवून घे रे बाबा आता. तोवर पत्र लिहायला आळस करू नकोस.

तुझी,
आयलीताई

---

बीव्हर लेक,
२३ ऑगस्ट

ती. आयलीताईस,
रेइनोचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून करमणूक झाली. सैन्याने माझा बहिरा कान बघून मला दारातूनच परत पाठवलं नसतं तर तुझी एक खुर्ची मीच अडवली असती. गंमत म्हणजे माझ्या वयाकडे आणि दाढीकडे बघून दुकानातली माणसं मलाच सैनिक समजतात आणि बिअर पाजतात. मी सांगतो की मी गेलो नव्हतो. त्यांना तो विनय वाटतो आणि दुसरी बिअर येते.

तुझी धडगत नाही, ताई. आपल्या अमेरिकेतल्या फिनिश लोकांना सौनाच्या वाफेत वरच्या, मानाच्या बाकावर बस म्हटलं तरी ते दुसऱ्याला पुढे ढकलतात. त्यांच्याकडून तू स्वतःहून केलेला अर्ज मागतेस! त्यात मी कसा लायक आहे तेही लिहायचं! अस्वलाकडून मध मागणं सोपं.

पाय दुखत असेल तर चर्चच्या पायऱ्या सांभाळून उतर. माया आहेच, ती कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
रेइनो

---

अगेट हार्बर,
१९ सप्टेंबर

चि. रेइनोस,
अ. उ. आ.

तुझ्या तोंडात साखर पडो म्हणणार नाही, कारण तू म्हणालास तसंच झालं. चर्चच्या तळघरात मी सगळ्यांना कॉफीला बोलावलं. वेलदोड्याचा पाव भाजला. खोली भरून माणसं आली, पाव संपला, अर्ज लिहून दिले. घरी येऊन बघते तर प्रत्येकाने दुसऱ्याचंच नाव लिहिलेलं!

विल्होने ओन्नीचं लिहिलं. ओन्नीकडे गेले तर म्हणतो, कोरियात मी नुसते ट्रक हाकले, मला कशाला, त्या बेर्तीला घ्या, आखाती युद्धातलं ताजं पोर आहे. बेर्ती म्हणाला, काकू, मी जहाजावर बटाटे सोलत होतो, बसायचा मान विल्होआजोबांचा. आणि विल्हो, जो दुसऱ्या महायुद्धात इटलीभर चिखल तुडवून आला, तो म्हणतो की मी काय, सगळे चालत होते म्हणून चाललो.

मग मीही सरळ बोट सोडलं. विल्होला सांगितलं, तू नाही बसलास तर ओन्नी बसणार नाही म्हणतोय. ओन्नीला हेच विल्होच्या नावाने सांगितलं. दोघांनी एकमेकांवर उपकार म्हणून सह्या केल्या. बेर्तीला त्याच्या आईकरवी गाठलं. गिरणीतला लेरॉय बायकोने ढकलल्यामुळे आला.

चार झाले. पाचवा काही मिळेना. जिल्ह्यातलं घर न् घर पालथं घातलं. ही माणसं स्वतःला इतकं क्षुल्लक का समजतात रे? मला तर आता त्यांचा रागच यायला लागलाय. कोणी सुचत असेल तर कळव.

तुझी,
आयलीताई

---

बीव्हर लेक,
३ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुचतंय. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

आयली सोफिया लाहती, सैन्यातली नर्स, व्हिएतनाममधल्या लष्करी रुग्णालयात एक वर्ष. हिला विचारलंस का? माझ्या माहितीप्रमाणे ती जिल्ह्यातच राहते आणि पाव बरा भाजते.

तू परत आलीस तेव्हा आईने विचारलं होतं, कसं होतं. तू म्हणालीस, उकाडा होता. मग बॅग माळ्यावर टाकलीस आणि सोमवारी शाळेच्या कचेरीत टायपिंगला बसलीस. पुन्हा कधी कोणाला सुई टोचली नाहीस. गावाला अजून वाटतं की तू जपानात कुठे तरी पट्ट्या गुंडाळत होतीस, आणि तू ते कधी खोडून काढलं नाहीस. मी मात्र तुला बघितलंय. सरोवरावरून बचावाचं हेलिकॉप्टर गेलं की तू हातातलं काम टाकून तळघरात बरण्या मोजायला जातेस.

माझ्या बिअर मी इतकी वर्षं तुझ्या नावाने प्यायलो. आता तुझं तू बघ. राग आला तर येऊ दे, पण अर्ज भर.

तुझाच,
रेइनो

---

अगेट हार्बर,
८ ऑक्टोबर

चि. रेइनोस,

आशीर्वाद आहेत, पण आज हात आखडता आहे.

मी बंदूक धरली नाही. ऑपरेशनच्या वेळी कात्री धरली, बशी धरली. ज्यांनी सोसलं ते वेगळे. त्यांच्या रांगेत जाऊन बसायचं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं. आणि खरं सांगू? तिथल्या खाटांवरून जे उठलेच नाहीत त्यांची नावंसुद्धा मला आठवत नाहीत. चेहरे येतात, नावं येत नाहीत. अशा बाईने सैनिकांच्या नावाच्या खुर्चीवर कोणत्या तोंडाने बसावं?

हा विषय इथेच संपला. दहा नोव्हेंबरला चार जणांची नावं वाचून दाखवीन आणि ठराव रद्द झाला की घरी येईन. लोकरीचे मोजे वेगळे पाठवते आहे. घाल.

आयली

---

बीव्हर लेक,
१८ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न.

मोजे पोचले, पायात आहेत.

अर्जाचा नमुना मी पोस्टातून मागवून नीट वाचला. नाव विचारलंय, पत्ता विचारलाय, नोकरी कुठे केली ते विचारलंय. किती नावं आठवतात, असा प्रश्न कुठे दिसला नाही.

तू नाही बसलीस तरी माझी ताईच आहेस. ओन्नी मात्र या हिवाळ्यातही घरात पडून राहील.

शिकारीच्या तळावर निघालोय, त्यामुळे बैठकीला येता येणार नाही. काय झालं ते लिही.

रेइनो

---

अगेट हार्बर,
१२ नोव्हेंबर

चि. रेइनोस,
आयलीताईचे अनेकानेक आशीर्वाद. वि. वि.

मंगळवारी सकाळी बैठक झाली. मी चार नावं वाचली. पास्कोंनी विचारलं की पाचव्या जागेसाठी कोणी आहे का. सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, काय ही माणसं! आणि मग लक्षात आलं की मीसुद्धा माझ्याच बुटांकडे बघत होते.

माझ्यासमोर कोऱ्या अर्जांचा गठ्ठा होता. वरचा एक ओढला आणि तिथेच भरला. पास्कोंनी नियमाप्रमाणे विचारलं, नोकरी कुठे केली ते सभेला सांगा. मी सांगितलं. व्हिएतनाम म्हटल्यावर सगळ्यांच्या माना बुटांवरून वर आल्या. मग हात वर झाले आणि समिती झाली. कोणी किती वर्षं बसायचं याच्या चिठ्ठ्या काढल्या. मला तीन वर्षं आली. हसू नकोस. पहिला ठराव ओन्नीच्या आणि त्याच्यासारख्यांच्या गाडीचा घेतलाय.

पण मला लिहायचंय ते याच्यानंतरचं.

कॉफीच्या वेळी विल्हो माझ्याजवळ आला. त्याचा मुलगा आर्वो, तुझ्या वर्गातला, आठवतो ना? व्हिएतनाममध्ये जखमी होऊन तिथल्या रुग्णालयातच वारला तो. विल्होने टोपी काढली आणि विचारलं, मी त्याच रुग्णालयात होते का. मी नाही म्हटलं. ते दुसरं, उत्तरेकडचं. त्याने मान हलवली, पण हलला नाही. टोपी फिरवत त्याने विचारलं की अशा पोरांच्या शेवटच्या वेळी जवळ कोणी असायचं का.

खोटं बोलणं किती सोपं होतं, रेइनो! पण त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर मला ते जमेना. मी म्हटलं, नेहमी नाही, पण बहुतेक वेळा असायचं. आम्ही आळीपाळीने हात धरून बसायचो. हातातलं काम थांबायचं, पण हात सोडायचो नाही. नाव ठाऊक नसलं तरी बसायचो.

मी हे आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं, तुलासुद्धा नाही. आणि तो माणूस माझ्याच गल्लीत राहतो. इतकी वर्षं रोज सकाळी मला हात करतो.

विल्हो म्हणाला की बहुतेक वेळा म्हणजे पुष्कळ झालं. मग म्हणाला की हे आत्ताच्या आत्ता आर्वोच्या आईला, हेल्मीला सांगायला हवं, ती सारखी हेच विचारायची.

हेल्मीला जाऊन दोन वर्षं झाली. मी किल्ली घेतली. त्याला गाडीत घेतलं आणि टेकडीवरच्या दफनभूमीत तिच्यापाशी नेऊन सोडलं. बर्फ पडत होता. मी काच वर करून आत बसून राहिले, कारण ते त्या दोघांचं बोलणं होतं.

बाकी क्षेम. तुझ्या मायेची आज फार गरज आहे, ती असू दे.

तुझी,
आयलीताई