जिथून नेलं, तिथेच

मंगळवार, ११ नोव्हेंबर

बोट सुटली एकदाची.

ताइस्तोला काल स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या केंद्रात सोडलं — एका आठवड्यापुरतं. नवऱ्याला असं कुठे सोडून यायची ही पहिलीच वेळ. त्याने टोपी नर्सच्या हातात दिली आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसला. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. मला रडू येईल म्हणून रुमाल हातातच ठेवला होता. आलं नाही. काहीच आलं नाही!

ही समुद्रापलीकडच्या टाल्लिन शहराची सहल राइली आणि टेर्टूने ठरवली. शाळेच्या स्वयंपाकघरात आम्ही तिघींनी सव्वीस वर्षं एकत्र काढली, त्यामुळे त्या मला विचारत नाहीत, सांगतात. ‘‘हिल्का, तीन दिवस माणसासारखी झोप. चेहरा बघ तुझा, उकडलेला बटाटा झालाय.’’ — हे टेर्टूचं प्रेम.

नर्स आनूने एक कागद दिलाय. केंद्रातली कायम राहण्याची एक खोली रिकामी झाली आहे. शुक्रवारी दुपारी बाराच्या आत सही करायची, नाहीतर यादीतल्या पुढच्या माणसाला जाईल. कागद पर्सच्या आतल्या कप्प्यात आहे. मी पर्स उघडायचंच टाळतेय. कॉफीचे पैसे राइलीने दिले.

दुपारी बोटीवर अकॉर्डियनवाला होता. एका उंच, सभ्य म्हाताऱ्याने मला नाचायला बोलावलं. गेले. पहिलं गाणं संपलं आणि मी ‘धन्यवाद’ म्हणून चालती झाले! तो बिचारा तिथेच, हात अर्धवट वर. राइलीने कपाळावर हात मारला. ‘‘अगं, एकाच गाण्यावर? लोकांना वाटेल त्याने तुला चिमटा काढला!’’ दोन गाणी नाचायची, मग पुरुषाने बाईला तिच्या जागेवर नेऊन सोडायचं — आमच्याकडे शेंबड्या पोरांनाही ठाऊक असतं. नाचाच्या अठ्ठेचाळीस वर्षांत मी कधी चुकले नव्हते. टेर्टू त्याच्याकडे जाऊन माझ्या वतीने माफी मागून आली — आणि उरलेलं गाणं स्वतःच नाचून आली.

लाज वाटायला हवी होती. तीही वाटली नाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर

जुन्या शहराची भिंत पाहिली. मनोरे पाहिले. दगडी रस्त्यावर टेर्टूचा पाय मुरगळला, तिने पाचशे वर्षांपूर्वीच्या गवंड्यांचा उद्धार केला. समुद्रावरून वारा असा की डोळ्यांतून पाणी. राइलीला वाटलं, मी रडतेय — पाठीवर हात फिरवायला लागली. मी तिला तसंच वाटू दिलं.

जेवताना सुपात दोनदा मीठ घातलं. कळलंच नाही. राइलीने गुपचूप मीठदाणी उचलून पलीकडे ठेवली.

ताइस्तोसाठी बदामाच्या मिठाईचा छोटा डुक्कर घेतला. ‘‘कागदासकट खाईल तो,’’ टेर्टू म्हणाली. खाईलच. नाताळात चॉकलेट तसंच खाल्लं होतं.

केंद्रात फोन केला. आनू म्हणाली, ‘‘छान झोपले. जेवले. नाही हो, दाराकडे फिरकलेसुद्धा नाहीत.’’

घरी रोज संध्याकाळी जोडे घालून दारात उभा! ‘घरी जायचंय.’ अडतीस वर्षं त्याच घरात राहतोय, तरी घरी जायचंय. शेवटी मी दाराला घंटा बांधली. तीन वर्षं कान त्या घंटेकडे लावून झोपतेय. आणि तिथे एकदासुद्धा नाही?

बरं वाटायला हवं होतं. थोडं दुखलं. दुखलं, हेही बरंच म्हणायचं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

सकाळी हॉटेलच्या सौनात, वरच्या बाकावर आम्ही तिघी. वाफ चांगली चढली होती. टेर्टू भिंतीकडे बघत म्हणाली, ‘‘सही केलीस तर आम्ही काही बोलणार नाही. नाही केलीस तर मात्र बोलू.’’

‘‘मीच त्याला तिथे नेलंय,’’ मी म्हणाले.

‘‘मग?’’

‘‘मग मीच परत आणायचं.’’

राइलीने तापल्या दगडांवर एवढं पाणी ओतलं की कान भाजले.

त्यांना नाही कळायचं. ताइस्तोने मला पहिल्यांदा तळ्याकाठच्या नाचाच्या मंडपात नाचायला विचारलं. एका लाकडी खांबापासून नेलं, दोन गाणी नाचला आणि त्याच खांबापाशी आणून सोडलं. लग्नानंतरही तेच! दोघांना एकाच गाडीने घरी जायचं असायचं, तरी आधी मला खांबापाशी उभं करणार, मान झुकवणार, ‘धन्यवाद’ म्हणणार. दोन पावलं जाणार. मग वळून परत येणार — ‘चल, घरी जाऊ या?’ बाया तोंडाला पर्स लावून हसायच्या. मला मात्र दर वेळी त्या दोन पावलांपुरती धाकधूक व्हायची. वेडीच होते.

अशा माणसाला मी भलतीकडे सोडून येऊ? सही करणार नाही. उद्या त्याला घरी आणणार.

ठरवलं. तरी हलकं वाटलं नाही. काहीच वाटलं नाही.

परतीच्या बोटीवर नाच होता. मी खाली सामानापाशी बसून राहिले.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर, सकाळी

त्याचे बाहेर घालायचे जोडे पिशवीत घेतले. दारावरची घंटा पुसली. निघाले.

शुक्रवारीच, पावणेबारा. केंद्राबाहेर, गाडीत

कोटसुद्धा काढला नव्हता. बैठकीच्या खोलीच्या दारात उभी होते, हातात पिशवी. रेडिओवर टँगो लागला. ताइस्तो खुर्चीतून उठला, सरळ माझ्यापाशी आला आणि मान झुकवली. ‘‘येता का?’’ — मला अहो-जाहो!

पिशवी खाली ठेवली. त्याला शर्टाची बटणं लावता येत नाहीत, पण पाऊल एकही चुकलं नाही. पहिलं गाणं संपल्यावर आम्ही हात धरून उभे राहिलो. दुसरंही नाचलो. मग कोपराला धरून त्याने मला दारात आणून सोडलं — जिथून नेलं, तिथेच, पिशवीपाशी. मान झुकवली. ‘‘धन्यवाद.’’

दोन पावलं गेला. तो वळेल म्हणून मी थांबले.

तो खुर्चीत जाऊन बसला.

सही केली. जोडे आनूकडे दिले. आता किल्ली हातात आहे, पण गाडी सुरू करता येत नाहीये — रडू थांबतच नाही, समोरचं काही दिसत नाही.