डबी हिरवीच होती

बाळा,

जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय, गरम करून घे. मी मावशीकडे राहायला चालले आहे. तुझा मोबाइल कोकलेल, पण घाबरू नकोस. सगळ्या खिडक्या मीच सताड उघडल्यात.

माझ्या दम्यासाठी तू खोल्याखोल्यांत उष्णता आणि दमटपणा मोजून तुझ्या मोबाइलवर कळवणाऱ्या डब्या लावल्यास, त्याचं मी चारचौघींत कौतुक केलं. पण खिडकी बोटभर उघडली की ऑफिसातून तुझा फोन, "आई, दमटपणा वाढलाय, लाव आधी!" कुकरची शिट्टी झाली की फोन. अंघोळ लांबली की फोन. स्वतःच्याच घरात चोरासारखी वावरायला लागले रे मी. तरी म्हटलं, असू दे, लेकाचं लक्ष आहे.

काल सकाळी नळ सोडायच्या आधीच बाथरूममध्ये पाय घसरला. उठता येईना. दोन तास फरशीवर पडून तुझ्या फोनची वाट पाहिली. दारावरची डबी सगळं ठीक असल्यासारखी हिरवी लुकलुकत होती. शेवटी बादलीला धरून उठले.

संध्याकाळी तू आलास आणि चपला काढता काढता म्हणालास, "आज शहाण्यासारखी वागलीस हं आई, एकदाही फोन करावा लागला नाही."