पोराला फक्त मराठी येतं

विहंग,

जामीन मिळूनही तू आतच. सुटलास तर पुन्हा गर्द विकशील म्हणून सरकारनं आधीच डांबलं. सोडवायचा अर्ज माझ्या नावानं. वकीलबाबू म्हणाला, "दादा, पोराला फक्त मराठी येतं, असं लिहून द्या. डांबण्याची कारणं त्याला कळणाऱ्या भाषेत द्यावी लागतात; इंग्रजीत दिलीत, म्हणजे हुकूम रद्द!"

"अहो, खिदिरपूरला इंग्रजी शाळेत शिकला तो. मराठीत स्वतःचं नाव वाचता येत नाही."

"कोर्टाला कुठे माहीत?"

तुझी आई माझ्या पाया पडली. तरी मी सही केली नाही. तुझ्या गादीखालच्या पुड्या मी पाहिल्यात. तसलीच ओढून खालच्या मजल्यावरची नूपुर मेली.

मला मराठीच लिहिता येतं. हे पाठवलं तर भेटीला आलेल्या आईकडूनच वाचून घेशील. पुड्यांचं तिला ठाऊक नाही; म्हणून हे माझ्याकडेच राहील. मला दगड म्हणते. म्हणू दे.

दामूकाका